स्किझोफ्रेनियात घरच्यांचा वाटा नेमका किती?

अर्धविराम (धागाकर्ता)

कुणाला स्किझोफ्रेनिया (भास, संशय, विस्कळीत विचार असा मानसिक आजार) झाल्याचं कळलं की भोवतीच्या माणसांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, 'आईनं फार धाकात ठेवलं, नाहीतर फार लाडावून ठेवलं, त्याचंच हे.' दुसरा म्हणतो, 'मेंदूतलं रसायन बिघडलंय, घराचा काही संबंध नाही.' पहिल्याचं ऐकलं तर आईबापांनी तोंड लपवून बसायचं. दुसऱ्याचं ऐकलं तर घरात कसंही वागा, फरक पडत नाही. मला दोन्ही पटत नाही.

म्हणून विचारतो. वाढवण्याच्या पद्धतीमुळे हा आजार होतो याला पुरावा आहे का? आजार झाल्यानंतर घरच्या वातावरणानं फरक पडतो का, आणि पडत असेल तर घरच्यांनी उद्या सकाळपासून नक्की काय बदलायचं?

अनुभवांसाठी वेगळा धागा आहे. इथे कृपया माहिती आणि आकडे, आणि ते आकडे कसे काढले तेही लिहा.

रानजाई

वाचतेय. पॉपकॉर्न नाही, वही घेऊन बसलेय.

कोरा कागद

आईवरच्या आरोपाला जन्मसाल आहे: १९४८. फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी 'स्किझोफ्रेनोजेनिक मदर' असा शब्दप्रयोग केला. म्हणजे स्किझोफ्रेनिया पैदा करणारी आई. थंड, वरचढ, मुलाला झिडकारणारी आणि तरी त्याला सोडायला तयार नसलेली. तेव्हा या आजारावर धड औषधही नव्हतं, क्लोरप्रोमझीन वापरात आलं १९५२ मध्ये. उपाय नव्हता, मग निदान कारण तरी सापडल्याचं समाधान.

पुढे १९५७ मध्ये थिओडोर लिड्झ यांनी आईबापांच्या संसाराकडे बोट दाखवलं: एक तर दोघांत कायमची फूट, नाहीतर एकाच्या विक्षिप्तपणापुढे दुसऱ्यानं टेकलेले हात. १९५८ मध्ये लायमन विन म्हणाले, काही घरांत वरवर सगळं गोड असतं आणि आतला मतभेद कुणी उच्चारूच शकत नाही, तो हा गोडवा घातक.

या सगळ्या मांडणीत एकच भोक आहे. मूल आजारी पडल्यावर घरचे तपासले, आणि बहुतेक वेळा तुलनेला दुसरी घरंच नव्हती. आग लागलेल्या घरात जाऊन माणसांची नाडी मोजायची आणि म्हणायचं, 'बघा, यांचे ठोके किती जलद पडतात, म्हणूनच आग लागली.'

झुळूक

या सगळ्यात बाप कुठे होते म्हणे? कामावर?

कोरा कागद

@झुळूक, लिड्झच्या मांडणीत बापही आहेत, आणि चांगलेच ठळक. पण ते विशेषण चिकटलं फक्त आईला.

तिठा

डबल बाइंडचा, म्हणजे परस्परविरोधी निरोपांच्या कोंडीचा, उल्लेख झाल्याशिवाय इतिहास अपुरा. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन, डॉन जॅक्सन, जे हेली आणि जॉन वीकलंड यांनी ती मांडली. कल्पना मोठी आकर्षक आहे. त्यांनी दिलेलं उदाहरण थोडक्यात असं: मुलगा दवाखान्यात बरा होत आलाय. आई भेटायला येते, तो तिच्या खांद्यावर हात टाकतो. तिचं अंग ताठरतं. तो हात काढून घेतो. ती विचारते, 'माझ्यावर माया नाही का उरली?' तो लालबुंद होतो, तर ती म्हणते, स्वतःच्या भावनांना इतकं घाबरू नये.

म्हणजे शब्द एक सांगतात, अंग दुसरंच सांगतं, दोन्ही पाळता येत नाहीत, आणि 'हे दोन वेगळे निरोप आहेत' असं म्हणायचीही सोय नाही. वाचताना वाटतं, हेच ते कारण!

पण तपासायला गेल्यावर गाडी अडली. १९६६ मध्ये एक साधा प्रयोग झाला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना त्यांच्या आईबापांनी लिहिलेली पत्रं आणि इतर पालकांची पत्रं एकत्र करून परीक्षकांना दिली: यात डबल बाइंड कुठे आहे ते ओळखा. परीक्षकांत या कल्पनेचे जाणकार होते, तरी त्यांचं आपसात एकमत होईना. जी गोष्ट ओळखताच येत नाही तिला कारण कसं म्हणणार?

झुळूक

'तुला हवं ते कर, मी काही बोलणार नाही' हे वाक्य डबल बाइंडमध्ये बसतं का? बसत असेल तर सगळ्या मराठी घरांना हा आजार व्हायला हवा होता. (दिवे घ्या)

तिठा

@झुळूक, चक्क बसतं. आणि तुम्ही थट्टेत म्हणालात तोच खरा आक्षेप आहे. असं बोलणं सगळ्याच घरांत सापडतं, आजार मात्र शंभरात एखाद्याला.

मूळाक्षर

आता आकडे. आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता १ टक्क्याच्या आसपास. आयर्व्हिंग गॉट्समन यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दिलेले आकडे अजूनही शिकवले जातात: भावंडाला आजार असेल तर ९ टक्के, आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर १३, दोघांनाही असेल तर ४६, एकसारख्या जुळ्यातल्या एकाला असेल तर दुसऱ्याला ४८. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१८ मध्ये आलेले आकडे याहून कमी आहेत: एकसारख्या जुळ्यांत (जनुकं जवळपास तीच) ३३, भिन्न जुळ्यांत (जनुकं इतर भावंडांइतकीच सारखी) ७.

या ३३ आणि ७ वर थोडं थांबा. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली, एकाच वेळी वाढलेली. आईच्या धाकानं आजार होत असता तर दोन्ही आकडे जवळपास सारखे निघाले असते. आणि जनुकंच सगळं ठरवत असती तर ३३ च्या जागी १०० असते.

दुसरा मार्ग दत्तक मुलांचा. लिओनार्ड हेस्टन यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये अशी ४७ मुलं शोधली, ज्यांच्या आईला स्किझोफ्रेनिया होता आणि जी जन्मानंतर तीन दिवसांत आईपासून वेगळी झाली. मोठेपणी त्यांतल्या ५ जणांना स्किझोफ्रेनिया झाला. तशीच वेगळी वाढलेली, पण आईला आजार नसलेली ५० मुलं तुलनेला घेतली होती, त्यांत एकालाही नाही. ज्या आईनं वाढवलंच नाही तिचा 'धाक' आजार कसा देईल?

२००३ मध्ये १२ जुळ्यांच्या अभ्यासांची एकत्रित मांडणी झाली. त्यात आनुवंशिकतेचा वाटा ८१ टक्के, सामायिक पर्यावरणाचा, म्हणजे दोन्ही जुळ्यांच्या वाट्याला सारख्याच आलेल्या परिस्थितीचा, ११. या ११ मध्ये एकटं घर नाही, आईचं गर्भाशयसुद्धा आहे. गरोदरपणातली उपासमार धोका वाढवते हे १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या डच दुष्काळानं दाखवलं: त्या काळात गर्भात आलेल्या मुलांत प्रमाण सुमारे दुप्पट.

एक नेहमीची चूक आधीच सांगून ठेवतो. '८१ टक्के आनुवंशिक' म्हणजे एका रुग्णाच्या आजारातला ८१ टक्के भाग जनुकांमुळे, असं नव्हे. समाजात माणसामाणसांत धोक्याचा जो फरक दिसतो त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो आकडा सांगतो.

कडकलक्ष्मी

मूळाक्षर, सगळं मान्य. तरी आईबापांना सरसकट निर्दोष सोडायची घाई नको. २०१२ मध्ये व्हारेसे आणि सहकाऱ्यांनी ३६ अभ्यास एकत्र केले. लहानपणी लैंगिक, शारीरिक किंवा भावनिक छळ, हेळसांड, सवंगड्यांची दादागिरी यांतलं काही सोसलेल्यांत सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं, स्किझोफ्रेनिया त्यातलाच) होण्याचं गुणोत्तर २.७८ पट. गांजा, शहरी वस्ती, स्थलांतर यांना आपण धोके म्हणतो, मग छळाला का नाही? यादीतला बराचसा छळ घराच्या चार भिंतींतच होतो. 'घराचा संबंध नाही' असं म्हटलं की सोसलेल्या माणसाचं तोंडच बंद केल्यासारखं होतं.

कोरा कागद

@कडकलक्ष्मी, यातले बरेच अभ्यास आजारी माणसाला मागचं आठवायला सांगतात. आजारी पडलेला माणूस भूतकाळात कारण शोधत असतोच, निरोगी माणूस शोधत नाही.

कडकलक्ष्मी

हा आक्षेप अपेक्षित होता. त्या ३६ पैकी १० अभ्यास पुढे पुढे पाहत गेलेले होते, म्हणजे छळाची नोंद आधी आणि आजार नंतर. तिथेही संबंध टिकला.

आता माझ्याच बाजूच्या लोकांनाही एक टोला. यादीत काय आहे ते नीट वाचा. अभ्यासासाठी ओरडणं, मोबाइल काढून घेणं, दोन्ही पालकांनी नोकरी करणं, एकुलतं एक मूल असणं, हट्ट पुरवणं, यांतलं काहीही त्यात नाही. आणि मूळ धोका १ टक्का धरला तर २.७८ पटीनं तो ३ च्याही आतच राहतो. छळ सोसलेल्या शंभरातल्या ९७ जणांना हा आजार होत नाही. त्यांचं बाकी जे नुकसान होतं तो विषय निराळा.

मुसाफिर२२

अवांतर: हे 'दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व' म्हणतात तोच आजार ना? एका माणसात दोन माणसं?

तिठा

@मुसाफिर२२, नाही. ते निराळंच निदान आहे. गोंधळ शब्दानं केलाय. १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी ग्रीकमधून 'फाटलेलं मन' अशा अर्थाचा शब्द घडवला. विचार, भावना, वागणं यांचा आपसातला सांधा निखळतो, असं त्यांना म्हणायचं होतं. आपण त्यावरून छिन्नमनस्कता केलं, लोकांनी त्याचा अर्थ 'दोन माणसं' असा घेतला. जपाननं तर २००२ मध्ये आजाराचं अधिकृत नावच बदललं, 'मन फाटण्याचा आजार' काढून 'समन्वय बिघडण्याचा विकार' अशा अर्थाचं घेतलं. नवं नाव आल्यावर तिथले डॉक्टर रुग्णांना निदान मोकळेपणी सांगू लागले.

रानजाई

मूळ मुद्द्यावर येते. आजाराची चिन्हं विशीत दिसतात हे माहीत आहे. पण मूल त्याआधीच थोडं वेगळं असेल, आणि आईबाप त्या वेगळेपणामुळेच वेगळे वागत असतील तर? मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता?

मूळाक्षर

@रानजाई, नेमकं बोट ठेवलंत. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा झाला. पुढे ज्या ३० जणांना स्किझोफ्रेनिया झाला, ती मुलं सरासरी १.२ महिने उशिरा चालायला लागली होती. चौथ्या आणि सहाव्या वर्षी ती एकटी खेळणं जास्त पसंत करत होती. दुसरीकडे, एलेन वॉकर यांनी १९९० च्या सुमारास पुढे आजारी पडलेल्यांच्या लहानपणच्या घरगुती चित्रफिती काही माहिती नसलेल्या परीक्षकांना दाखवल्या. शेजारी त्यांची निरोगी भावंडंही होती. हाताची ठेवण, हालचाल, चेहऱ्यावरचे भाव एवढ्यावरून परीक्षकांनी पुढे आजारी पडणारं मूल नुसत्या अंदाजापेक्षा बरंच अचूक ओळखलं. घर तेच, आईबाप तेच, कॅमेराही तोच.

आणि १९४६ च्या त्याच अभ्यासातली एक टोचणारी नोंद. मुलं चार वर्षांची असताना घरी जाणाऱ्या परिचारिकांनी पुढे आजारी पडणाऱ्या मुलांच्या आयांना 'मूल समजून घेण्यात सरासरीपेक्षा कमी' असे गुण दिले होते. कोरा कागद म्हणतील, मूलच वेगळं होतं, आई चाचपडत होती. कडकलक्ष्मी म्हणतील, आईचंही काही चुकत होतं. त्या एका नोंदीवरून दोन्ही म्हणता येतं. तिसरी शक्यताही आहे: जी जनुकं मुलात गेली त्यांचा हलका अंश आईतही असेल, म्हणून तीही थोडी तुटक.

कडकलक्ष्मी

+१. ही तिसरी शक्यता सगळ्यात जास्त विसरली जाते.

मूळाक्षर

हा गुंता सोडवायचा सर्वांत नेटका प्रयत्न फिनलंडचा. पेक्का तिएनारी यांनी स्किझोफ्रेनिया किंवा त्या कुळातला आजार असलेल्या आयांची दत्तक गेलेली १४५ मुलं आणि तसा धोका नसलेली १५८ दत्तक मुलं घेतली. दत्तक घराचं वातावरण घरी जाऊन, कित्येक तास मुलाखती घेऊन मोजलं: टीका किती, संवाद किती धड, घरातल्या माणसांमधल्या सीमा कशा.

२००४ मध्ये आलेला निकाल असा. जन्मदात्या आईकडून धोका आलेला, पण दत्तक घर बरं: स्किझोफ्रेनियाच्या कुळातले आजार ५.८ टक्के. धोका आलेला आणि घरही बिघडलेलं: ३६.८ टक्के. धोका नसलेल्या मुलांत चांगल्या घरात ४.८, बिघडलेल्या घरात ५.३. म्हणजे धोका नसलेल्या मुलाला वाईट घर इतर अनेक प्रकारे दुखवेल, पण हा आजार देताना दिसत नाही. आणि धोका घेऊन आलेल्या मुलाला बरं घर बऱ्यापैकी झाकून ठेवतं.

दोन सावधगिऱ्या. 'कुळातले आजार' यात निव्वळ स्किझोफ्रेनियापेक्षा बरंच काही येतं. आणि चार गटांत विभागल्यावर प्रत्येक गटातली आजारी माणसं मोजकीच उरतात.

कोरा कागद

हे आकडे पाहून मी आधीपेक्षा थोडा मागे सरकतो. 'आई कारण नाही' यावर ठाम आहे. 'घराला वाटा नाही' असं मात्र आता म्हणणार नाही.

झुळूक

नोंद घ्यावी, आंतरजालावर एका माणसानं मत बदललं. तारीख लिहून ठेवा.

वाटाड्या

अर्धविराम यांचा दुसरा प्रश्न अजून कुणी घेतला नाही, आणि कामाचा तोच आहे. आजार झाल्यावर घर काय करतं याचा पुरावा आजार होण्याआधीच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

१९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांच्या लक्षात आलं की दवाखान्यातून घरी सोडलेल्यांपैकी जे आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे गेले, त्यांचा आजार जास्त वेळा उलटला. जे भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिले ते जास्त टिकले. सगळ्यांना उलट वाटत होतं. त्यातून 'एक्सप्रेस्ड इमोशन' हे माप निघालं, पुढे ईई म्हणतो. नाव फसवं आहे. भावना व्यक्त करणं वाईट, असा त्याचा अर्थ नाही. नातेवाइकाशी रुग्णाच्या गैरहजेरीत तास-दीड तास बोलतात, ते ध्वनिमुद्रित करतात आणि मग मोजतात: टीकेची वाक्यं किती, वैरभाव आहे का, अति गुंतणं किती, आणि शिवाय जिव्हाळा आणि कौतुक. टीकेची ६ किंवा जास्त वाक्यं, किंवा थोडासाही वैरभाव, किंवा ठरावीक पातळीवरचं अति गुंतणं, यांतलं एक असलं तरी घर 'उच्च ईई'.

मोजणाऱ्याला शब्दांइतकाच सूर ऐकावा लागतो. 'तो दुपारी बारापर्यंत झोपतो' हे सपाट आवाजात आलं तर माहिती. 'तो... दुपारी... बारापर्यंत... झोपतो' असं एकेक शब्द आपटत आलं तर टीका. शब्द तेच. म्हणून हे माप लिहून दिलेल्या प्रश्नावलीनं नीट येत नाही, आणि ते वापरायला वेगळं प्रशिक्षण लागतं.

व्हॉन आणि लेफ यांनी १९७६ मध्ये १२८ रुग्णांचे आकडे मांडले. नऊ महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण कमी ईईच्या घरात १३ टक्के, उच्च ईईच्या घरात ५१. उच्च ईईच्या घरातही आठवड्याला समोरासमोरचा वेळ ३५ तासांपेक्षा कमी आणि औषध चालू असेल तर १५. वेळ ३५ च्या वर आणि औषध चालू: ५३. वेळ ३५ च्या वर आणि औषध बंद: ९२.

मुसाफिर२२

९२?? म्हणजे जवळजवळ सगळेच.

वाटाड्या

हो. पण तो गट लहान होता हे लक्षात ठेवा. पुढे १९९८ मध्ये २७ अभ्यासांची बेरीज झाली, तेव्हा फरक इतका टोकाचा राहिला नाही, साधारण ६५ विरुद्ध ३५ असा आला. तरीही मानसिक आजारांत इतका सातत्यानं पुन्हा पुन्हा सापडणारा सामाजिक घटक विरळा.

कडकलक्ष्मी

मला ईई म्हणजे १९४८ ची आईच नव्या कपड्यांत वाटते. आधी 'तुमच्यामुळे झाला', आता 'तुमच्यामुळे उलटला'.

वाटाड्या

@कडकलक्ष्मी, चुकीच्या हातात ते तसंच वापरलं जातं, हे खरं आहे. म्हणून तीन गोष्टी.

एक, ईई हा आजारी माणसासोबत राहिल्यावर तयार होणारा ताण आहे. आजाराच्या अगदी सुरुवातीला टीका कमी आढळते, वर्षं सरली की वाढते. खाण्याचे विकार, नैराश्य, अगदी मधुमेहासारख्या आजारातही घरच्यांचा ईई मोजला गेलाय. म्हणजे ही काही 'तसल्या' घरांची खूण नव्हे.

दोन, टीका कशावर होते ते बघा. भास, संशय यांवर फारशी होत नाही, ते आजाराचं आहे हे घरच्यांना कळतं. टीका होते ती उठत नाही, आंघोळ करत नाही, बोलत नाही, काही करायची इच्छाच नाही यावर. ही आजाराची नकारात्मक लक्षणं आहेत, पण दिसतात हुबेहूब आळसासारखी. 'ठरवलं तर करू शकेल' असं ज्या नातेवाइकाला वाटतं तोच जास्त टीका करतो.

तीन, संस्कृतीनुसार काय बोचतं ते बदलतं. चंदीगडच्या अभ्यासात उच्च ईईचं प्रमाण लंडनपेक्षा बरंच कमी निघालं. अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांत टीकेपेक्षा जिव्हाळ्याचा अभाव जास्त महत्त्वाचा ठरला.

रानजाई

आणि अति गुंतणं? काळजी घेणं आणि अति गुंतणं यांच्यात रेघ कुठे?

वाटाड्या

वय आणि क्षमता यांच्या मानानं बघायचं. २६ वर्षांच्या माणसाच्या तोंडात कुणी गोळी घालतं, त्याच्या खोलीतच झोपतं, दोन वर्षं कुठे बाहेर गेलेलं नाही आणि त्याच्याबद्दल बोलताना दर वेळी रडतं, तर ते अति गुंतणं. त्याला लागेल तेवढा आधार देऊन उरलेलं त्याच्यावर सोडणं, ती काळजी.

सोडायचं तर पायऱ्यांनी. गोळ्यांचंच घ्या. आधी तुम्ही हातात देता. मग ७ कप्प्यांची डबी तुम्ही भरता, तो स्वतः घेतो, तुम्ही रात्री कप्पा बघता. मग तो भरतो, तुम्ही शेजारी बसता. मग आठवड्यातून एकदाच डबीवर नजर. प्रत्येक पायरीवर निदान दोन आठवडे थांबा. फसते कुठे, तर घाईत दोन पायऱ्या गाळल्या जातात, गोळ्या चुकतात, आजार उलटतो आणि घरचे घाबरून पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन कायमचे बसतात. मागे जायचं ते एकच पायरी. आणि गोळ्या वारंवार चुकतच असतील तर महिन्याच्या इंजेक्शनचा पर्याय डॉक्टरांना विचारा, रोजचं भांडणच मिटतं.

अर्धविराम

वाटाड्या, अनेक आभार. बोलण्याबद्दल असंच ठोस सांगाल का?

वाटाड्या

सांगतो. 'किती वेळा सांगायचं, ऊठ, आंघोळ कर, गोळी घे, आणि जरा माणसांत येऊन बस' यात चार कामं आणि एक टोमणा आहे. या आजारात माहिती पचवायला वेळ लागतो, चौथं काम ऐकेपर्यंत पहिलं निसटलेलं असतं. त्याऐवजी, 'गोळीची वेळ झाली.' मग मनात दहापर्यंत मोजा. ती दहा सेकंदं फार लांब वाटतात आणि बहुतेक जण तिसऱ्या सेकंदाला पुन्हा बोलतात.

तक्रार करायचीच असेल तर वागण्याची करा, माणसाची नको. 'तू बेजबाबदार आहेस' यातून त्याच्या हाती काही लागत नाही. 'काल रात्री दोनला गाणी मोठ्यानं चालू होती, मला झोप लागली नाही, अकरानंतर हेडफोन लावशील का' यात काय झालं, मला काय झालं, पुढे काय हवं, तिन्ही आलं.

संशयाबद्दल. 'शेजारी माझं बोलणं रेकॉर्ड करतात' यावर 'काहीतरीच काय!' म्हटलं तर तो तुमच्याशी बोलणं थांबवेल. 'हो का, मी बघतोच त्यांच्याकडे' म्हटलं तर संशयाला तुम्ही साक्षीदार झालात. 'मला तसं दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय ते कळतंय. आत्ता काय केलं तर बरं वाटेल?' इथपर्यंतच. पुरावे मांडत बसू नका, वाद जिंकता येत नाही.

हे सगळं एकट्यानं घरी शिकण्यापेक्षा कुटुंबासोबतचं उपचारसत्र मिळालं तर उत्तम. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची शिफारस ३ महिने ते १ वर्ष या काळात किमान १० सत्रांची आहे, आणि शक्यतो रुग्णालाही घेऊन. आत काय असतं: आजाराची माहिती, उलटण्याच्या खुणांची यादी, बोलण्याचा सराव, आणि एकेक अडचण सहा पायऱ्यांनी सोडवणं. अडचण एका वाक्यात लिहायची, सुचतील ते सगळे उपाय मांडायचे, प्रत्येकाचं बरंवाईट बघायचं, एक निवडायचा, कोण काय कधी करणार ते ठरवायचं, आठवड्यानं पाहायचं. नुसतं एक माहितीचं व्याख्यान देऊन घरच्यांना परत पाठवलं तर ज्ञान वाढतं, आजार उलटण्याचं प्रमाण फारसं हलत नाही.

लेफ यांच्या १९८२ च्या प्रयोगात सगळी घरं उच्च ईईची, सगळे रुग्ण औषधावर. नऊ महिन्यांत नेहमीचे उपचार घेतलेल्या १२ पैकी ६ जणांचा आजार उलटला, कुटुंबासह काम केलेल्या १२ पैकी एकाचा. संख्या लहान, पण नंतरच्या मोठ्या बेरजांनीही दिशा तीच दाखवली.

मुसाफिर२२

निरोगी भावंडांचं काय? मूळाक्षर यांचे ९ टक्के वाचून छातीत धस्स झालं असेल कुणाच्या तरी.

मूळाक्षर

९ टक्क्यांना होतो म्हणजे ९१ टक्क्यांना होत नाही. आपल्या हातात असलेलं मोठं काम म्हणजे गांजा टाळणं. युरोपातल्या अनेक शहरांतल्या २०१९ च्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता सुमारे तिप्पट, रोज तीव्र प्रतीचा ओढणाऱ्यांत जवळपास पाचपट आढळली. बाकी, झोप सलग बिघडणं, मित्र तोडणं, अभ्यासात किंवा कामात अचानक घसरण, 'माझ्याबद्दलच बोलतायत' असं वाटू लागणं, हे काही आठवडे टिकलं तर वाट न बघता दाखवा. उपचार जितके उशिरा सुरू तितकी सुधारणा कमी, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि भावंडावर चोवीस तास पहारा बसवू नका, नाहीतर वाटाड्या येऊन त्याचेही गुण मोजतील.

अर्धविराम

एक शेवटचं. 'माझं काय चुकलं?' असं एखाद्या आईनं थेट विचारलं तर काय उत्तर द्यायचं? हेस्टनचे ४७ आणि तिएनारींचे १४५ तिला सांगणार का?

वाटाड्या

लगेच नाही. आधी तिला काय चुकलं असं वाटतंय ते विचारा. बहुतेक उत्तरांत नोकरी, घटस्फोट, एखादी चापट, नाहीतर परगावी ठेवलेलं मूल असतं. त्याचं उत्तर 'त्यानं हा आजार होत नाही' इतकंच, तेही एका वाक्यात. आणि खरंच छळ झालेला असेल, तर तो कबूल करायला जागा द्या, पुसून टाकू नका. कडकलक्ष्मी इथे बरोबर आहेत.

मग कामाचं काहीतरी हातात द्या. येत्या आठवड्यात तिनं आणि मुलानं एकाच खोलीत जागेपणी काढलेले तास रोज लिहायला सांगा. बेरीज ३५ च्या वर गेली तर तिला आठवड्यातून दोन दुपारी घराबाहेरचं काहीतरी हवं, आणि त्यालाही.

झुळूक

शंका: एकत्र टीव्ही बघणं त्या ३५ तासांत धरायचं का?

वाटाड्या

@झुळूक, एका खोलीत असाल तर धरायचं. गप्प बसून टीव्ही बघणं आणि टीव्ही बघता बघता 'तुझ्या वयाची पोरं बघ कुठे पोचली' म्हणणं, दोन्हीची नोंद मात्र वेगळ्या रकान्यात करा.